नाव कुणी कोरावं?

मुलांनो,

परवा केमला गेलो होतो. केम म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं कुंकवाचं गाव. तिथं सहावीतला एक मुलगा भेटला. नुकताच शाळेच्या सहलीत लेणी बघून आलेला. मोठ्या ऐटीत म्हणाला, "काका, मी भिंतीवर खिळ्यानं माझं नाव कोरून आलोय. आता हजार वर्षं टिकेल!"

मी रागावलो नाही. त्याला एक गोष्ट सांगितली. तीच तुम्हालाही सांगतो.

मधुसूदन नरहर देशपांडे यांचा जन्म १९२० साली सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा. सारं आयुष्य त्यांनी लेण्यांना दिलं. पुढं ते भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. २००८ साली ते गेले.

कन्नडजवळच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथला दगड ठिसूळ. पाणी झिरपून झिरपून लेण्यांचा दर्शनी भाग कोसळला आणि मूर्ती दगडमातीखाली गाडल्या गेल्या. १९५०च्या दशकात हा ढिगारा उपसायचं काम देशपांड्यांनी केलं. असलं काम घाईचं नसतं बरं का! पहार जरा चुकली, की मूर्तीचं नाक गेलंच म्हणून समजा.

त्या ढिगाऱ्यातून एक ठेंगणा, गुबगुबीत यक्ष बाहेर आला. डोक्यावर परडीसारखं पात्र आणि तोंडभर हसू! त्याच्या हातावर अक्षरं कोरलेली होती. त्यांचा अर्थ असा, की हा कान्हदास नावाच्या सोनारानं घडवला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं नाव पुन्हा उजेडात आलं. तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

देशपांड्यांनी पितळखोऱ्यावर सविस्तर लेख लिहिला, तो १९५९ साली छापून आला. कोकणातल्या पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांवर तर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांचं नाव तिथं, पुस्तकावर आहे.

एवढं ऐकून तो मुलगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "कान्हदासानं मूर्ती घडवली होती. मी तर काहीच नाही केलं." थोड्या वेळानं विचारलं, "मग परत जाऊन घासून पुसून टाकू?"

"नको रे बाबा," मी म्हटलं. "घासलंस तर भिंत आणखी बिघडेल. ते काम जाणकारांचं."

आईबाबांनो, संरक्षित वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण मुलांना नुसता दंडाचा धाक घालू नका. कान्हदासाची गोष्टही सांगा.

आणि मुलांनो, सहलीला जाताना खिळा घरीच ठेवा. वही-पेन्सिल घ्या. जे बघाल त्याचं चित्र काढा आणि त्याखाली झोकात सही करा! ते चित्र तुम्ही केलेलं असेल ना?

तुमचा,
काका