कुंपणच शेत खाऊ लागतं तेव्हा

संगणक सुरू केला. विजेचं बिल भरायचं म्हणून ब्राउझर उघडला, तर रोजचं ओळखीचं पान गायब! त्याच्या जागी भलतंच पान, मधोमध शोधाची चौकट आणि कोपऱ्यात ढालीचं चित्र. सेटिंगमध्ये जाऊन जुनं पान परत आणलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलगा म्हणाला, "आई, काहीतरी व्हायरस शिरलाय." म्हणून अँटिव्हायरस चालवला. त्यानं सगळा संगणक अर्धा तास तपासला आणि ऐटीत सांगितलं, एकही विषाणू नाही!

सांगणारच. कारण ते पान त्यानंच तर बसवलेलं. आपल्याकडे याला उंदराला मांजर साक्ष म्हणतात.

वाचकहो, यात अतिशयोक्ती नाही. २०१० नंतरच्या काही वर्षांत हा अनुभव देशोदेशींच्या असंख्य लोकांनी घेतला. आपली परवानगी न घेता किंवा ती लबाडीनं मिळवून जो प्रोग्राम ब्राउझरचं पहिलं पान बदलतो, शोध आपल्या पानावर वळवतो आणि हाकलला तरी जात नाही, त्याला संगणकाच्या भाषेत 'ब्राउझर हायजॅकर' म्हणतात. अशा उपद्व्यापी प्रोग्रामांपासून राखण करायची म्हणून आपण अँटिव्हायरस घेतो. आणि राखणदारच तसं वागू लागला तर?

चौकटीतला पैसा

एव्हीजी हे नाव जुन्या संगणकवाल्यांना आठवत असेल. चेक प्रजासत्ताकातली ही कंपनी आपला अँटिव्हायरस फुकट वाटायची. 'फुकट ते पौष्टिक' म्हणणारे आपण! संगणक जोडून देणारा पोरगाही जाता जाता तो टाकून द्यायचा. त्याच्याबरोबर एक टूलबार यायचा आणि 'एव्हीजी सिक्युअर सर्च' नावाचं शोधाचं पान. बसवताना एका चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असे. आपण घाईघाईनं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलो की झालं, परवानगी दिली असं धरलं जाई.

एवढा आटापिटा कशासाठी? तर शोधाच्या चौकटीत पैसा आहे. आपण 'स्वस्त मिक्सर' असं लिहून शोधतो, निकालांच्या वरती जाहिराती येतात, त्यातल्या एकीवर बोट पडलं की जाहिरातदार पैसे मोजतो. त्यातला वाटा ज्याच्या चौकटीतून तुम्ही आलात त्याला मिळतो. म्हणजे ब्राउझरचं पहिलं पान हा अगदी स्टेशनबाहेरच्या नाक्यावरचा गाळा. तो आयता मिळाला तर कोण सोडील? फेब्रुवारी २०१२ मध्ये एव्हीजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा या शोधातूनच येत होता. सुरक्षा फुकट आणि कमाई नाक्यावरच्या गाळ्याची, असा तो हिशेब.

बरं, हे पान काढणं एवढं अवघड का? साधा प्रोग्राम आपण काढून टाकू शकतो. सुरक्षेच्या प्रोग्रामाला मात्र आपणच संगणकाच्या सगळ्या किल्ल्या दिलेल्या असतात, त्याशिवाय तो विषाणू पकडणार कसा? शिवाय 'तुमचं पहिलं पान कुणी बदलू नये म्हणून पहारा' अशी एक सोयही काही टूलबार देत. कागदावर किती छान! पण पहारा कुठल्या पानावर, तर त्यांनी स्वतः बसवलेल्या. तुम्ही तुमचं पान परत आणायला गेलात की तुम्हीच घुसखोर. आयत्या बिळावर नागोबा आणि वर बिळाच्या मालकालाच फणा!

तुम्ही म्हणाल, पान बदललं तर बदललं, एवढं काय बिघडलं? शोध तर होतो आहे ना?

बिघडतं. २०१५ च्या डिसेंबरात गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो' या पथकातले संशोधक टॅविस ऑरमंडी यांनी एव्हीजीचं 'वेब ट्यूनअप' हे क्रोम ब्राउझरसाठीचं जोडसाधन तपासलं. अँटिव्हायरसबरोबर ते क्रोममध्ये जबरदस्तीनं बसवलं जात होतं आणि तेही क्रोमनं घातलेल्या तपासण्यांना वळसा घालून. ते शोधाचं सेटिंग आणि नव्या टॅबचं पान ताब्यात घेई, हे तर होतंच. पण त्याची बांधणी इतकी कच्ची होती, की भलत्याच वेबसाइटला तुम्ही कुठं कुठं गेलात हे वाचता आलं असतं. वापरणारे होते सुमारे ९० लाख. कंपनीनं दुरुस्ती केली खरी, पण गूगलनं तिला हे जोडसाधन अशा रीतीनं बसवायला मनाई केली. जाहिरातीच्या कमाईसाठी दाराला पाडलेलं भोक चोरालाही उपयोगी पडतं, ते असं.

दोनच महिन्यांनी, २०१६ च्या फेब्रुवारीत, याच ऑरमंडींनी कोमोडो या दुसऱ्या सुरक्षा कंपनीचा कारभार उघड केला. तो तर याच्याही वरताण. कोमोडोचा सुरक्षा संच बसवला की 'क्रोमोडो' नावाचा एक नवा ब्राउझरच येई आणि स्वतःला मुख्य ब्राउझर करून घेई. पडद्यावरच्या क्रोमच्या चित्रांची जागाही हा घ्यायचा. जुन्या ब्राउझरमधली सेटिंग्ज आणि कुकीज उचलून आणायचा. वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रणेचं सेटिंगसुद्धा बदलायचा. आणि हा ब्राउझर अधिक सुरक्षित, अधिक खासगी म्हणून मिरवला जात होता!

प्रत्यक्षात त्यानं ब्राउझरमधला एक मूलभूत नियम बंद करून टाकला होता. हा नियम समजून घेण्यासारखा आहे. तुमच्या ब्राउझरमध्ये एका टॅबात बँक उघडी आहे, दुसऱ्यात पाककृती, तिसऱ्यात कसलीशी लॉटरी. एकाच इमारतीतले हे तीन बिऱ्हाडकरू. त्यांच्यात पक्की भिंत असते, म्हणून लॉटरीवाल्याला बँकेच्या खोलीत डोकावता येत नाही. सगळे ब्राउझर ही भिंत जिवापाड जपतात. क्रोमोडोत ती भिंतच नव्हती. साधा विषाणू शिरला असता तरी याहून फारसं वाईट काय झालं असतं?

दाराशी बसून टिपणं

पान पळवणं निदान डोळ्यांना दिसतं. पण सगळ्यात गंभीर प्रकरण घडलं ते न दिसणारं होतं.

एव्हीजीला २०१६ मध्ये अवास्ट या दुसऱ्या चेक कंपनीनं १३० कोटी डॉलरला विकत घेतलं. दोन्ही कंपन्या ब्राउझरसाठी संरक्षक जोडसाधनं देत. तुम्ही एखादा पत्ता उघडलात की तो धोक्याच्या यादीत आहे का हे त्यांनी बघायचं आणि तसं असेल तर सावध करायचं. काम चोख. पण यासाठी तुम्ही उघडलेला प्रत्येक पत्ता राखणदाराला कळतो. इमारतीचा पहारेकरी येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवतो, ते त्याचं कामच. पण तीच वही तो संध्याकाळी बाजारात नेऊन विकू लागला तर?

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, ॲडब्लॉक प्लस बनवणारे व्लादिमिर पालांट यांनी दाखवून दिलं, की ही साधनं कामापुरत्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती कंपनीकडे पाठवतात. डिसेंबरात फायरफॉक्सच्या मोझिलानं ती आपल्या भांडारातून काही काळ काढून टाकली. मग २०२० च्या जानेवारीत मदरबोर्ड आणि पीसीमॅग या दोन प्रकाशनांनी मिळून शोध घेतला, तेव्हा वहीचा ग्राहक सापडला. 'जम्पशॉट' नावाची अवास्टचीच उपकंपनी लोकांच्या ब्राउझरमधल्या हालचाली कंपन्यांना विकत होती. बातमी फुटली आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला अवास्टनं जम्पशॉट बंद करत असल्याचं जाहीर केलं.

अवास्टचं म्हणणं होतं, आम्ही नावं काढून टाकतो, कुणाची ओळख पटत नाही. हे बोलणं तपासून बघू. विकलेल्या माहितीत प्रत्येक ब्राउझरला स्वतंत्र क्रमांक होता, कुठलं पान उघडलं हे होतं आणि वेळ अगदी सेकंदापर्यंत. समजा तुम्ही अमुक दुकानातून दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं पाच सेकंदांनी एक साडी घेतलीत. दुकानाला तुमचं नाव, पत्ता माहीतच असतो. विकत घेतलेल्या वहीत तोच क्षण शोधला की तुमचा क्रमांक सापडला. मग त्या क्रमांकाखाली वर्षभराचं सगळं उघडं. रात्री कुठल्या आजाराची लक्षणं वाचलीत, कर्जाबद्दल काय शोधलंत, कुठल्या देवळाचं किंवा चर्चचं पान बघितलंत, मुलीच्या लग्नासाठी कुठली स्थळं चाळलीत. घरातल्या माणसांनाही न सांगितलेल्या गोष्टी आपण त्या चौकटीत लिहितो. मला विचाराल तर यात पैशाच्या चोरीपेक्षाही वाईट काही आहे. हरवलेले पैसे परत मिळवता येतात.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२४ च्या फेब्रुवारीत हे प्रकरण धसाला लावलं. किमान २०१४ पासून ही माहिती शंभराहून अधिक कंपन्यांना विकली गेली, असा आयोगाचा आरोप होता. १ कोटी ६५ लाख डॉलर भरायचे आणि ब्राउझिंगची माहिती जाहिरातीसाठी विकायची नाही, असं ठरलं. त्याच वर्षी चेक प्रजासत्ताकाच्या माहिती संरक्षण कार्यालयानंही ३५ कोटी १० लाख कोरुना दंड ठोठावला. आणि माहिती ज्या वर्षांत विकली जात होती, त्याच वर्षांत अवास्टची जाहिरात काय होती? तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्यांना आम्ही रोखतो!

मग फुकटचा नकोच, पैसे मोजूनच घ्यावा, असं कुणी म्हणेल. तेही इतकं सोपं नाही. नॉर्टनचा संच विकतचा. त्यांनी २०२१ मध्ये त्यात तुमचा संगणक रिकामा असताना आभासी चलन कमावण्याची सोय घातली आणि कमाईतला १५ टक्के वाटा स्वतःसाठी ठेवला. ती सोय तुम्ही होकार दिल्याशिवाय चालू होत नसे, हे खरं. पण राखणदारानं हा जोडधंदा तुमच्या घरात करावाच कशाला?

सरसकट सगळ्यांना एका माळेत ओवायचं नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून काटकर बंधूंनी क्विक हील उभी केली. अँटिव्हायरस हा प्रामाणिक धंदा होऊ शकत नाही, असं मुळीच नाही. दुसऱ्या टोकाला सुरक्षेचं नुसतं सोंग घेणारेही आहेत. 'विनफिक्सर', 'ड्राइव्हक्लीनर' अशा नावांनी खोट्या तपासणीचं भय घालून पैसे उकळणाऱ्या टोळीवर अमेरिकेत २००८ मध्ये खटला भरला गेला. दहा लाखांहून अधिक लोक फसले होते. मधल्या प्रकारचे, म्हणजे खरे असूनही उगाच घाबरवणारे प्रोग्राम, यांच्यावर मायक्रोसॉफ्टनं १ मार्च २०१८ पासून कारवाई सुरू केली. तुमच्या संगणकात शेकडो दोष आहेत, पैसे भरा म्हणजे दुरुस्त करतो, असं धमकावणारे 'क्लीनर' विंडोजचा स्वतःचा राखणदार तेव्हापासून काढून टाकतो.

घरी काय बघायचं

आधी हे लक्षात घ्या, की विंडोज १० आणि ११ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' हा अँटिव्हायरस आतच असतो, वेगळे पैसे पडत नाहीत. दुसरा बसवला की तो बाजूला होतो, दुसरा काढला की आपोआप कामाला लागतो. घरगुती वापराला तो पुरेसा आहे. नव्या लॅपटॉपबरोबर महिना-दोन महिन्यांचा नमुना अँटिव्हायरस येतो आणि मुदत संपली की 'तुम्ही धोक्यात आहात' असा धोशा लावतो. तो काढून टाकला तर तुम्ही उघड्यावर पडत नाही.

तरी दुसरा घ्यायचाच असेल तर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच उतरवा. शोधात सगळ्यात वर आलेली जाहिरात दाबू नका. बसवताना 'कस्टम' किंवा 'ॲडव्हान्स्ड' असा पर्याय दिसला तर तोच निवडा. आधीच करून ठेवलेल्या खुणा तिथंच लपलेल्या असतात. नवा ब्राउझर, शोधाचं पान, टूलबार, 'सुधारणेसाठी माहिती पाठवू का', या सगळ्यांवरच्या खुणा काढल्या तरी विषाणू पकडण्याचं काम तितकंच चालतं.

पान आधीच पळवलं गेलं असेल तर नुसतं पहिलं पान बदलून भागत नाही. आमच्या शेजारच्या काकांचा ब्राउझर उघडला तेव्हा वर चार टूलबारांच्या ओळी होत्या, खाली वाचायला वीतभर जागा. काका दोन वर्षं रोज पहिलं पान बदलत होते! प्रथम कंट्रोल पॅनेलमधून तो प्रोग्राम काढावा लागतो, मग ब्राउझरच्या 'एक्स्टेन्शन्स'च्या यादीतलं अनोळखी जोडसाधन, त्यानंतर शोधाचं सेटिंग. क्रम उलटा केला तर प्रोग्राम सगळं पुन्हा बसवतो. अँटिव्हायरस पूर्ण निघत नसेल तर बहुतेक कंपन्या तो काढायचं वेगळं साधन आपल्या वेबसाइटवर ठेवतात. शोधावं लागतं, पण असतं.

आणखी एक. कोपऱ्यातून 'पाच विषाणू सापडले' अशी पाटी सारखी वर येत असेल, तर ती अँटिव्हायरसची नसून एखाद्या वेबसाइटची असू शकते. कधीतरी आपण 'अलाऊ' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या 'नोटिफिकेशन्स'च्या यादीत त्या वेबसाइटचं नाव सापडतं, ते तिथून काढलं की पाट्या थांबतात. संगणकात खरोखरच काही शिरल्याची शंका असेल तर आपल्या सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून तपासणीची साधनं फुकट देतं. आणि अशा पाटीवरच्या क्रमांकाला फोन करून घरातल्या कुणी पैसे भरले असतील, तर त्यांच्यावर रागावत बसण्याआधी १९३० हा क्रमांक लावा. तक्रार जितकी लवकर, तितकी ती रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.