परीक्षण चौघांनी लिहावं का?

विद्यापीठातल्या मुलांना चित्रपट-परीक्षण गटप्रकल्पातून शिकवायचं म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला: समीक्षा हे एकट्याचं काम, चौघांनी लिहिलेलं परीक्षण म्हणजे सभेचं इतिवृत्त. दुसरा आक्षेप स्टाफरूममधला: एक जण राबतो आणि बाकीचे मुखपृष्ठावर नाव घालतात.

पहिल्या आक्षेपाला इतिहासच आडवा येतो. ‘काये द्यु सिनेमा’ या फ्रेंच मासिकानं दिग्दर्शकाच्या एकट्या ठशाचा केवढा गवगवा केला! त्याच मासिकानं १९५९ साली ‘हिरोशिमा मॉन आमूर’वर एकाचा लेख छापण्याऐवजी गोदार, रिव्हेत, रोमेर वगैरेंची चर्चा छापली. १९७० मध्ये जॉन फोर्डच्या ‘यंग मिस्टर लिंकन’वरचा दीर्घ लेख तर संपादकांनी सामूहिक म्हणूनच दिला. त्याला इतिवृत्त म्हणण्याची कोणाची छाती आहे?

मुळात पाहणं एकट्याला पुरत नाही. ‘फँड्री’ घ्या. डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. वर्गात कोणी हसतं, कोणाला मुळीच हसू येत नाही. एकटा लिहिणारा ‘मार्मिक विनोद’ म्हणून पुढे सरकेल. गटात मात्र न हसलेली मुलगी विचारणारच, तुला हसू का आलं? मग जात, गाव, आपण कुठे बसून पाहतोय, सगळं बाहेर निघतं. मेलेलं डुक्कर वाहून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर दिसतात, ते एखाद्याच्याच नजरेत भरलेलं असतं. नुसतं कथासार आणि साडेतीन तारे या वादापुढे टिकत नाहीत.

दुसरा आक्षेप खरा आहे, पण दोष गटाचा नाही. चौघांची एकच प्रत मागून चौघांना सारखेच गुण वाटले, तर आयतोबा होणारच. टिपणं एकत्र काढावीत, कोणाला काय दिसलं ते नावानिशी नोंदवावं आणि परीक्षण ज्याचं त्यानं लिहावं. शेवटचा निवाडा एकट्याचाच, हे आक्षेपकांचं म्हणणं मला मान्यच आहे. मात्र सोबत्याच्या मताला त्यात उत्तर हवं, आणि त्या उत्तराला गुण हवेत.

सुरुवात ‘कोर्ट’पासून करावी. न्यायालयाचे दिवे मालवले जातात, पडदा अंधारतो, तरी चित्रपट न्यायाधीशाच्या सहलीपर्यंत चालूच राहतो. तो शेवटचा तुकडा हवा होता का, यावर गटाचं चटकन एकमत झालं, तर प्राध्यापकांनी प्रकल्प खुशाल परत करावा.