पोटातलं पाणी उतरलं, तर वाट पाहू नका

विहिरीचं पाणी हातभर उतरलं की आपल्या लगेच ध्यानात येतं. घरातल्या गरोदर बाईच्या पोटातलं पाणी कमी झालं, हे मात्र बहुधा सोनोग्राफीतच कळतं. आणि कळलं तरी 'भरपूर पाणी पाजा' एवढ्यावर भागवलं जातं.

शेतकरी बंधूंनो, हे पाणी बाळाला धक्क्यापासून सांभाळतं, नाळेवर दाब येऊ देत नाही. चार भागांतल्या मापांची बेरीज 5 सेंटिमीटरपर्यंत खाली आली, तर ते कमी समजतात. उन्हात राबून बाईच्या अंगातलं पाणी आटलं असेल, तर पाणी पिण्याने नि विश्रांतीने फरक पडतो. पण रक्तदाब वाढला असेल, वार नीट काम करत नसेल, दिवस उलटून गेले असतील, तर घरगुती उपाय पुरत नाहीत. बाळाची हालचाल मंदावली किंवा अंगावरून पाणी गेलं, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. तसेच दवाखाना गाठा.

102 ची गाडी गरोदर मातेला मोफत आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणीची सोय 2016 पासून आहे. सरपंच मंडळींनो, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. कुणाचे दिवस भरत आलेत, आशाताईंना विचारा. पावसात रस्ता तुटणाऱ्या वस्तीवरची बाई आधीच गावात आणून ठेवा.

पीक गेलं तर दुबार पेरणी करता येते. इथं ती सोय नाही.