एनएमआरचा आकडा सॉफ्टवेअर देते; पण तो तपासणार कोण?

नवे औषध तयार करताना रेणू हवा तोच बनला का, हे ओळखण्याचे मोठे साधन म्हणजे एनएमआर. रेणूतील हायड्रोजनचा संकेत आलेखावर कुठे येतो, तो आकडा म्हणजे ‘केमिकल शिफ्ट’. हल्ली रेणूचे चित्र काढले की सॉफ्टवेअर हा आकडा क्षणात सांगते. तरीही विद्यार्थ्यांनी तो आधी हाताने काढायलाच हवा.

नियम काय?
व्हेरियन कंपनीतील जेम्स शूलरी यांनी सोपी बेरीज दिली. मिथेनचा आकडा ०.२३ पीपीएम. हायड्रोजनच्या जागी क्लोरीन आला की त्यात २.५३ मिळवायचे. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. उरलेल्या हायड्रोजनभोवतीचे इलेक्ट्रॉनचे कवच विरळ होते आणि आकडा वाढतो. डायक्लोरोमिथेनमध्ये दोन क्लोरीन : ०.२३ + २.५३ + २.५३ = ५.२९. प्रत्यक्षात मिळतो ५.३०!

मग अडते कुठे?
क्लोरोफॉर्ममध्ये क्लोरीन तीन. बेरीज येते ७.८२, प्रत्यक्ष आकडा मात्र ७.२६. एकाच कार्बनवर गटांची गर्दी झाली की साधी बेरीज पुरत नाही.

सॉफ्टवेअरमागेही अनेकदा अशीच कोष्टके असतात. त्यांच्या आकड्यावर डोळे झाकून विसंबले, तर रेणूच चुकीचा ठरू शकतो. ज्याने बेरीज स्वतः केली आहे, त्यालाच ती कुठे फसेल याचा अंदाज येतो. म्हणून परीक्षेत नुसते उत्तर नको; ‘हा नियम कुठे मोडतो?’ हेही विचारा.