विक्रम कीं नोंद ?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारीं दुपारीं आमच्या दिवाणखान्यांत एक विलक्षण सभा भरली होती. सभासदांपैकीं निम्म्यांस जिना चढतांना कठडा धरावा लागला होता, एकाच्या अंगठ्याचें नख काळेंनिळें पडलें होतें, आणि तरीही बहुतेकांच्या मुखावर नुकत्याच मुंज झालेल्या बटूचें तेज होतें. ही मंडळी त्याच दिवशीं सकाळीं साताऱ्याच्या यवतेश्वर घाटांत एकवीस किलोमीटर धांवून आली होती. सन २०१२ पासून भरूं लागलेली ही अर्धमॅरेथॉन अर्ध्या वाटेपर्यंत घाट चढावयाची व मग तोच घाट उतरावयाची अशी आहे. आमच्या एकत्र कुटुंबांतील दोघें, म्हणजे थोरल्या सूनबाई व आमचा पुतण्या, आणि शेजारचीं पांचसहा माणसें तींत होतीं. पोहे व चहा यांची सरबराई चालली होती, आणि आम्ही कोपऱ्यांतील आरामखुर्चीवर बसून सभेचें कामकाज ऐकत होतों.

आमचीं पस्तीस वर्षें शाळामास्तरकींत गेलीं. पेपर सुटल्यावर आवारांत मुलांचे घोळके जमतात, तसाच हा प्रकार आम्हांस भासला. प्रत्येकानें आधीं आपली वेळ सांगावी, मग मागील वेळ, मग दोहोंतील अंतर, आणि अखेरीस एखादें कारण जोडावें : बुटांत शिरलेलें पाणी, आदल्या रात्रीं न लागलेली झोप, चढावरची गर्दी. परंतु एका गोष्टीचें आम्हांस नवल वाटलें. शाळेंत पहिला प्रश्न ‘पहिला कोण आला ?’ हा असतो. येथें तो कोणीच विचारला नाहीं. आम्हीं विचारला, तेव्हां सर्वजण एकमेकांकडे पाहूं लागले. शर्यत कोणीं जिंकली हें एकासही ठाऊक नव्हतें, आणि तरीही त्यांतील तिघेजण आपण जिंकल्याच्या आनंदांत होते !

आमची नात दहावींत आहे. तिनें आमचें अज्ञान दूर केलें. ती म्हणाली, “आजोबा, त्यांची पीबी झाली. पर्सनल बेस्ट. आपण स्वतः आजवर जितक्या वेळांत धांवलों, त्याहून कमी वेळांत धांवणें.”

“मग प्रतिस्पर्धी कोण ?” आम्हीं विचारलें.

“मागच्या वर्षींचे आपण,” ती म्हणाली.

हें उत्तर आम्हांस फार आवडलें. हजारों लोकांनीं एकत्र धांवावें आणि प्रत्येकाची शर्यत मात्र निराळी असावी, ही कल्पना खरोखरच सुंदर आहे. येथें एकाच्या यशासाठीं दुसऱ्यास अपयश यावें लागत नाहीं. ही सोय एका लहानशा यंत्रानें झाली आहे. धांवणाऱ्याच्या छातीवर जी क्रमांकाची पट्टी लावतात, तिच्यामागें बहुधा एक चिप चिकटविलेली असते. आरंभाच्या व अखेरच्या रेषेवरील यंत्र तिची खूण टिपून घेतें. त्यामुळें गर्दींत दहा मिनिटें मागें उभ्या असलेल्या माणसाचीही स्वतःची वेळ सेकंदापर्यंत बिनचूक मिळते. पूर्वीं घड्याळ एकट्या विजेत्याचें असे. आतां तें प्रत्येकाचें झालें आहे.

आम्हांस संस्कृताची खोड असल्यामुळें मन साहजिकच शब्दांकडे वळलें. इंग्रजी ‘रेकॉर्ड’ या शब्दाचा मूळ अर्थ लिहून ठेवलेली गोष्ट, म्हणजे नोंद. आपण मात्र त्यास ‘विक्रम’ हा शब्द योजिला. हा शब्द ‘क्रम्’ या धातूपासून निघाला असून त्याचा मूळ अर्थ पाऊल टाकणें, ढांग टाकणें असा आहे; तीन पावलें टाकणारा विष्णु तो त्रिविक्रम. म्हणजे इंग्रजांचें लक्ष कागदावर, तर आपलें पावलावर. धांवणाऱ्यांच्या वेळेस ‘विक्रम’ म्हणण्याइतका समर्पक शब्द दुसरा सांपडणार नाहीं. परंतु पाऊल टाकून झाल्यावर हातीं उरते ती नोंदच, आणि नोंद फार थोडें बोलते.

याचें एक उदाहरण घरचेंच देतों. सन १९२० सालीं अँटवर्प येथें ऑलिंपिक सामने झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें तेथें गेलेल्या हिंदुस्थानच्या लहानशा संघांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्यें ते २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. आज हा आंकडा वाचून एखादा हौशी तरुण म्हणेल कीं, यांत विशेष तें काय ? परंतु अँटवर्पची वाट ४२.७५ किलोमीटरची होती. ४२.१९५ किलोमीटर हें अंतर पुढें १९२१ सालीं कायम ठरलें. म्हणजे चौगुले आजच्यापेक्षां अर्धा किलोमीटरहून अधिक धांवले. शिवाय त्या काळचे बूट, त्या काळचा आहार आणि बोटीचा तो लांबचा प्रवास ! यांतील एकही गोष्ट त्या आंकड्यांत मावलेली नाहीं.

म्हणून आपल्या वेळा तोलतांना घरोघरच्या धांवपटूंनीं थोडा विवेक बाळगावा. घाटांतील वेळ आणि सपाटीवरील वेळ यांची तुलना करणें म्हणजे गणिताच्या गुणांतून भूगोलाचे गुण वजा करणें होय. थंड हवेंत शरीर जें सहज करतें, तें दमट उकाड्यांत त्यास जड जातें. कारण रक्ताला स्नायूंबरोबर कातडीकडेही धांवावें लागतें. वयाचेंही तसेंच आहे. कॅनडांत राहणारे एड व्हिटलॉक हे गृहस्थ सन २००४ सालीं, वयाच्या ७३ व्या वर्षीं, टोरोंटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटें ४८ सेकंदांत धांवले, आणि पुढें २०१६ सालीं, वयाच्या ८५ व्या वर्षीं, त्यांस ३ तास ५६ मिनिटें ३४ सेकंद लागलीं. आंकडा एका तासानें वाढला. परंतु दुसरी धांव पहिलीपेक्षां उणी होती असें म्हणण्यास कोण धजेल?

आतां मूळ सभेकडे येतों. आमच्या पुतण्यास चार वर्षांपूर्वीं डॉक्टरांनीं रक्तांतील साखरेबद्दल ताकीद दिली, तेव्हां तो धांवूं लागला. सदतीस वर्षांच्या या गृहस्थानें एकच ध्यास घेतला होता : एकवीस किलोमीटर दोन तासांच्या आंत धांवावयाचे. मागची वेळ २ तास ३ मिनिटें होती. या खेपेस घाट असूनही ती १ तास ५९ मिनिटें ४८ सेकंद झाली. सर्वांनीं टाळ्या दिल्या. तो मात्र गप्प होता, आणि पुढ्यांतल्या पोह्यांस त्यानें हात लावला नव्हता. उलट सूनबाई आनंदांत होत्या. त्यांस मागील खेपेस २ तास ३२ मिनिटें लागलीं होतीं; या खेपेस २ तास ४१. नातीनें आईस विचारलें, “नऊ मिनिटें जास्त कशीं ग लागलीं ?” “वाटेंत थांबावें लागलें,” एवढेंच सांगून त्या चहा आणावयास उठल्या.

“वहिनी, थांबा,” पुतण्या म्हणाला. मग आमच्याकडे वळून त्यानें जें सांगितलें, तें असें.

“नाना, मी वळून उतारास लागलों होतों. वहिनी समोरून चढून येत होत्या. मीं त्यांस हातही केला. तेवढ्यांत माझ्या पुढचे एक गृहस्थ झोकांड्या खात रस्त्याच्या कडेला गेले आणि खालीं पडले. मला दिसलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. मीं घड्याळाकडे पाहिलें. हातांत जेमतेम अर्धें मिनिट होतें. मनांत म्हटलें, एवढे लोक आहेत, कोणीतरी थांबेलच. आणि पुढें गेलों.”

“आणि मी थांबलें. त्यांत काय झालें ?” सूनबाई म्हणाल्या. “भावोजी, तुमच्या मागून येणारे कितीतरी लोक तसेच पुढें गेले. तुम्हीच कां जीवाला लावून घेतां ?” मग आमच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “मामंजी, ते गृहस्थ शुद्धीवर आले. मीं आणि एका कॉलेजच्या मुलानें त्यांस आडवें केलें, पाय उंच ठेवले, स्वयंसेवकांस हांक मारली. डॉक्टर येईपर्यंत बसलों, आणि मग पुढें निघालों. जीवावरचें कांहीं नव्हतें.”

“तें मला आतां कळतें आहे,” पुतण्या म्हणाला. “तेव्हां ठाऊक नव्हतें. बारा सेकंद उरलीं, नाना. त्यांचें काय करूं ?”

वाचकहो, अशा वेळीं वडीलधाऱ्यांकडून दोन उपदेशपर वाक्यें अपेक्षित असतात, आणि मास्तरांस तीं नेहमींच तोंडपाठ असतात. परंतु आमच्या तोंडून शब्द फुटेना. आणि त्याचें कारण येथें लिहून टाकणेंच बरें.

आम्ही वर्गशिक्षक असतांना एका वर्षीं आमच्या दहावीच्या वर्गाचा निकाल शंभर टक्के लागण्याचा रंग दिसत होता. अडचण एकाच मुलाची होती. त्याचें गणित कच्चें. तेव्हां आम्हीं त्याच्या वडिलांस बोलावून समजाविलें कीं, यंदा मुलानें शाळेतर्फे न बसतां सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसावें. त्यांतच त्याचें हित आहे. वडील बिचारे कमी शिकलेले. मास्तर सांगतात तें खरें, असें मानणारे. त्यांनीं मान डोलविली. निकाल शंभर टक्के लागला, फळ्यावर रंगीत खडूनें लिहिला गेला, आणि आम्हांस शालजोडी मिळाली. तो मुलगा परीक्षेस बसलाच नाहीं. आज त्याचें दुचाकी दुरुस्तीचें दुकान आहे, आणि तें बरें चालतें. आम्हांस पाहिलें कीं तो हातांचें तेल पुसून वांकून नमस्कार करतो. त्या नमस्काराइतकें ओझें आम्हांस दुसऱ्या कशाचेंच होत नाहीं. त्या शंभरांत तो नव्हता; म्हणूनच ते शंभर होते.

गोल आंकड्याची ही मोहिनी आमच्या घरापुरतीच नाहीं. सन २०१७ सालीं चार अमेरिकन अभ्यासकांनीं मॅरेथॉन पुरी करणाऱ्यांच्या जवळजवळ अठ्ठ्याण्णव लाख वेळा तपासून एक लेख प्रसिद्ध केला. तीन, साडेतीन, चार अशा गोल आंकड्यांच्या किंचित् अलीकडे माणसांची दाटी होते, आणि किंचित् पलीकडे ती एकाएकीं विरळ होते, असें त्यांस आढळलें. ३ तास ५९ मिनिटें आणि ४ तास १ मिनिट यांत शरीराच्या दृष्टीनें कांहींच भेद नाहीं. तरी पहिल्यासाठीं थकलेला माणूसही शेवटच्या दोन किलोमीटरांत कोठून तरी बळ आणतो. या मोहिनींत बळ देण्याची शक्ति आहे हें आम्हांस मान्य आहे. तिच्याविना आमचा पुतण्या पहांटे पांचला उठता ना, आणि त्याची साखर ताळ्यावर येती ना. परंतु जो आंकडा पायांस बळ देतो, तोच कधीं कधीं डोळ्यांवर झांपड आणतो. आणि झांपड आली हें ती उतरल्यावरच कळतें.

आम्हीं त्या दिवशीं सर्वांच्या देखत ती शंभर टक्क्यांची हकीगत सांगितली. घरांत ती कोणासच ठाऊक नव्हती. आमच्या कुटुंबासही नव्हती. सभा कांहीं वेळ निःशब्द झाली. मग पुतण्यानें थंड झालेले पोहे पुढें ओढले व खाल्ले.

या सदराच्या वाचकांच्या घरींही आतां धांवणारीं माणसें असतील. त्यांच्यासाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगून ठेवतों. शर्यतींत कोणी पडलेला दिसला तर थांबावें. त्यास सावलींत घ्यावें, अंग तापलें असल्यास पाण्यानें निववावें, शुद्धीवर नसल्यास तोंडांत पाणी घालूं नये, आणि जवळच्या स्वयंसेवकास किंवा १०८ या क्रमांकास कळवावें. यांत पांचदहा मिनिटें जातात. तीं कोणत्याही नोंदींत दिसत नाहींत, म्हणून आधींच मनाशीं ठरवून निघावें. ऐन वेळीं घड्याळ ठरवूं लागलें कीं निकाल ठरलेलाच असतो. दुसरी गोष्ट, धांवण्याची वही ठेवीत असाल तर वेळेच्या रकान्याशेजारीं आणखी एक रकाना आंखावा, आणि वाटेंत काय घडलें हें त्यांत लिहावें.

आमच्या पुतण्यानें असा रकाना आंखला आहे. आम्हीं हळूच वही उघडून पाहिली. साताऱ्यापुढें १ तास ५९ मिनिटें ४८ सेकंद ही वेळ निळ्या शाईनें लिहिलेली आहे. शेजारच्या रकान्यांत त्यानें आधीं कांहीं लिहिलें होतें व मग खोडलें होतें. आतां तेथें एवढेंच आहे : ‘वहिनी थांबल्या.’ त्याखालच्या ओळींत पुढच्या शर्यतीचें नांव असून वेळेच्या रकान्यांत रेघ मारलेली आहे, कारण त्या दिवशीं तो धांवणार नाहीं. चढावरच्या पाणपोईवर उभा राहणार आहे. सूनबाई मात्र धांवणार आहेत, आणि त्यांस २ तास ३० च्या आंत यावयाचें आहे. त्यांस यश येवो, अशी आम्ही इच्छा करतों. आणि आम्हांसही त्या दुकानापर्यंत एकदां चालत जाऊन, नमस्कार होण्यापूर्वीं, दोन शब्द बोलावयाचे आहेत. अंतर पुरतें अर्धा किलोमीटरही नाहीं. आम्हांस आजवर सत्तावीस वर्षें लागलीं.