कायदा झाल्यावर वाचून काय उपयोग?



मागें आमच्या गावीं एक गृहस्थ छापील पानें घेऊन आले आणि "हा नवा कायदा झाला, अर्ज भरा" म्हणून घरटीं पैसे मागूं लागले. आम्हीं तीं पानें हातांत घेऊन पाहिलीं. वर 'विधेयक' असें ठळक छापलें होतें! सुपारी फुटली म्हणजे लग्न लागलें, असें कोणी म्हणतो काय? आम्हीं अधिनियमाचा क्रमांक विचारला, तेव्हां गृहस्थ उठून गेले.

दोष त्यांचा आहेच. पण आपणांस कागद ओळखतां येत नाहीं हाहि आपला दोष आहे. संसदेंत मांडतात तें विधेयक. दोन्ही सभांची मंजुरी व राष्ट्रपतींची संमति मिळून राजपत्रांत छापतात तो अधिनियम. त्याचाहि अंमल केव्हांपासून, हें कित्येकदां वेगळ्या अधिसूचनेनें ठरतें. सभेंत कोण काय बोललें तें वृत्तांतांत असतें. प्रश्नोत्तरें निराळीं निघतात. तेथें मंत्र्यानें "करूं" म्हणून शब्द दिला, तर तो 3 महिन्यांत पाळला कीं नाहीं हें पाहण्यास समिति आहे. आपल्या खासदारानें पांच वर्षांत आपल्यासाठीं काय विचारलें, हें या कागदांतच सांपडेल.

विधेयकाचें शेपूट मात्र अवश्य वाचावें. तेथें उद्देश व कारणें दिलेलीं असतात, आणि कोणते नियम सरकार मागाहून आपल्या हातानें करणार याचें एक ज्ञापनहि असतें. शेतकऱ्याला चिमटा बसतो तो बहुधा या नियमांचा.

पण वाचावयाचें कोणत्या भाषेंत? हे कागद निघतात इंग्रजींत व हिंदींत. 1973 च्या एका कायद्यानें, राष्ट्रपतींच्या अधिकारानें राजपत्रांत छापलेला मराठी अनुवाद अधिकृत मानला जातो खरा. परंतु ही सोय झालेल्या कायद्याची, होऊं घातलेल्याची नव्हे. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजीं अभिजात ठरविलें, पेढे वाटले. विधेयक कांहीं मराठींत आलें नाहीं.

शेतमालाच्या व्यापाराचेंच पाहा. 5 जून 2020 ला अध्यादेश निघाला. विधेयक 14 सप्टेंबरला लोकसभेंत मांडलें, 17 ला तेथें मंजूर झालें, 20 ला राज्यसभेंत आवाजी मतानें. प्रवर समितीकडे पाठवा, ही मागणी फेटाळली गेली. पुढें दिल्लीच्या वेशीवर शेतकरी वर्षभर बसले, आणि 29 नोव्हेंबर 2021 ला तो कायदा रद्द करण्याचें विधेयक दोन्ही सभांनीं एकाच दिवसांत मंजूर केलें. कायदा बरा कीं वाईट, हा वाद येथें नको. आमचा प्रश्न इतकाच कीं, त्या सहा दिवसांत ज्याच्या मालाचा हा व्यापार, त्यानें तें विधेयक कोणाकडून वाचून घ्यावयाचें होतें? पूर्वीं दस्तऐवज वाचणारा एक आणि अंगठा उठविणारे शंभर, अशी स्थिति होती. आतां घरोघर अक्षरओळख झाली, तरी कागदच परक्या भाषेंत!

म्हणून आमची मागणी अशी कीं, विधेयक मांडतांनाच त्याची मराठी प्रत निघावी. तोंवर महाराष्ट्राच्या 48 लोकसभा सभासदांनीं, निदान शेती व कारागिरीच्या विधेयकांचा, मराठी सारांश आपापल्या मतदारसंघांत वांटावा. मतपत्रकें गल्लोगल्लीं वांटतां येतात, मग हें कां नाहीं?

हिंदी प्रत संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. अधिवेशन चालू असतां दर शनिवारीं सायंकाळीं आम्ही ती शाळेच्या ओट्यावर मराठींत समजावून सांगूं. कंदील लागत नाहीं, वीज आहे. बसावयास पोतें मात्र घरून आणावें.