खाडीपलीकडे जाताना

कोकणचा सागरी मार्ग मोटारीने पाहण्याचा बेत आखणाऱ्या ज्येष्ठांनी हॉटेलाआधी स्वच्छतागृहांची चौकशी करावी. सोय होईल की नाही या धास्तीने कित्येक जण सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि लघवी वाढवणारी गोळीही परस्पर टाळतात. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. दमट हवेत घामावाटे पाणी मात्र जातच राहते. मग मोटारीतून उतरून उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. गोळी बंद करू नये. तिची वेळ मुक्कामी पोहोचल्यानंतरची ठेवता येईल का, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यावे लागते, त्यांनी प्रवासातील प्रमाणही तेव्हाच ठरवून घ्यावे.

मुरूडकडून दक्षिणेस जाताना आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडता येतात. एका दिवसात एकच खाडी पुरे. धक्क्यावर पोहोचण्यापूर्वी वाटेतल्या खानावळीत थांबून लघवीला जाऊन यावे, चार पावले चालावे, मग रांगेत उभे राहावे. पायही मोकळे होतात. तासन्‌तास बसून पोटऱ्यांत रक्त साकळण्याची भीती कमी होते.

फेरीबोटीचा उतार ओला, प्रसंगी शेवाळलेला असतो. गाड्या हलत असताना त्यांच्यामधून चालू नये. उलटीची गोळी मात्र नको. खाडी काही मिनिटांत पार होते. या गोळ्यांपैकी अनेकींनी वृद्धांना गुंगी येते, कधी भ्रम होतो, आणि प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते.

जंजिऱ्याची गोष्ट वेगळी. राजपुरीहून शिडाच्या होडीने गेल्यावर हलत्या होडीतून दगडी पायऱ्यांवर पाऊल टाकावे लागते. गुडघे वा नजर अधू असेल त्यांनी किनाऱ्यावरूनच किल्ला पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बेटावर जाण्याची हौस गोव्यात भागते: रायबंदरहून चोडण आणि जुन्या गोव्याहून दिवाडी, दोन्हीकडे फेरीबोटीत मोटार चढते.

शेवटच्या फेरीवर विसंबू नये. पलीकडच्या तीरावर दवाखाना कुठे आहे, हे दुपारीच विचारून ठेवावे. औषधांची पिशवी डिकीत नव्हे, मांडीवर ठेवावी. इन्सुलिन उन्हात उभ्या मोटारीत मुळीच सोडू नये.